विमानप्रवास आणि लहान मुले

आमच्या लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तराने विमानातील शिष्टाचारावर लेख लिहावा, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. ज्या गावाची ओळख माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेने, तेथील घोड्यांच्या आणि गाढवांच्या बाजाराने व्हावयाची, त्या गावच्या माणसास विमानाचे काय? तथापि काळ असा पालटला आहे की, पुष्कळशा सुशिक्षित घरांतील मुले आज पुण्यास, हैदराबादेस, बंगळुरास, फार काय, थेट अमेरिकेस आहेत. गावी उरलो आहोत ते आम्ही वडीलधारे. नांदेडास २००८ साली गुरुगादीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने विमानतळ नव्याने उभा राहिला. तेथील विमाने कधी सुरू असतात, कधी बंद पडतात, हे खरे. परंतु तेथून नाही तर हैदराबादेहून आपण जातोच. आजी-आजोबा आणि मांडीवर नातवंड, असे बिऱ्हाड आता आकाशमार्गाने चालले आहे, आणि या नव्या वाटेवर कसे वागावे हे आम्हांस कोणी शिकविलेले नाही.

हा लेख लिहिण्यास एक अप्रिय प्रसंग कारण झाला आहे. तो आम्ही प्रथम सांगतो. कारण चूक आमची होती, आणि ज्याची चूक त्यानेच ती सांगितली म्हणजे पुढचा उपदेश कोणास जड वाटत नाही.

चिरंजीव दिल्लीस नोकरीस आहेत. सूनबाई, साडेतीन वर्षांची नात, नऊ महिन्यांचा नातू, आमचे कुटुंब आणि आम्ही, असे पाच जण हैदराबादेहून दिल्लीस निघालो. प्रवास जेमतेम सव्वादोन तासांचा. त्याकरिता तयारी काय करावयाची, अशा समजुतीने आम्ही मुलांसाठी हातात काहीच घेतले नव्हते. खाऊ, खेळणी, पुस्तके सारे मोठ्या पेटीत बंद करून खाली सामानात दिले. पहिली पंधरा मिनिटे नातीने खिडकीतून ढग पाहिले. पुढे ढगांचा कंटाळा आला. मग तिचे पाय पुढच्या खुर्चीस लागू लागले. पुढे बसलेल्या गृहस्थांनी एकदा मागे वळून पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले, आणि तिसऱ्यांदा सुस्कारा टाकला. आम्ही पस्तीस वर्षे वर्गावर घालविलेली. डोळे मोठे करून, ज्या आवाजाने साठ मुलांचा वर्ग एका क्षणात चिडीचूप होत असे, त्या आवाजात आम्ही म्हणालो, “गप्प!”

वर्ग गप्प झाला असता. नात झाली नाही. तिने भोकाड पसरले. तिचे ऐकून धाकटा जागा झाला. विमान उतरू लागले तसा तो असा काही किंचाळू लागला की, त्याचा चेहरा लालबुंद झाला. चार आसनांवरचे लोक माना वळवून पाहू लागले. त्यांच्या नजरा आम्हांस सोसवेनात, आणि आम्ही सूनबाईंस त्रासून म्हणालो, “अहो, त्याला गप्प करा आधी!” त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, एवढे मात्र आम्ही पाहिले.

इतक्यात पलीकडच्या ओळीतील एक वृद्ध तेलुगू बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “बाळाचे कान दुखत आहेत. त्याला अंगावर घ्या.” सूनबाईंनी पदराआड घेतले. दोन-चार मिनिटांत मूल शांत झाले. विमान जमिनीस टेकले तेव्हा ते झोपी गेले होते. त्या सबंध प्रवासात सर्वांत मोठा आवाज मुलांचा झाला नव्हता, आमचा झाला होता, हे आमच्या ध्यानात यावयास मात्र घरी पोचावे लागले. रात्री सूनबाई आमच्या कुटुंबास म्हणाल्या, “आई, परतताना बाबांना त्रास नको. आम्ही चार दिवस मागून येऊ.” हे वाक्य आम्ही पलीकडच्या खोलीतून ऐकले. सून आपल्याबरोबर प्रवास करावयास भिते, ही गोष्ट कोणत्याही सासऱ्यास भूषणावह नाही.

मूल का रडते?

यानंतर आम्ही जे करावयाचे ते केले. डॉक्टरांस विचारले, वाचले, आणि आपले अज्ञान किती होते ते पाहिले.

विमान तीस-पस्तीस हजार फूट उंचीवरून जाते. आत हवा भरून दाब राखलेला असतो. परंतु तो जमिनीवरच्या इतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जसा दाब असावा, तितका असतो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे चोपन्नशे फूट. म्हणजे नऊ महिन्यांच्या अर्भकास आपण अर्ध्या घटकेत कळसूबाईच्याही वर नेतो आणि पुन्हा तितक्याच त्वरेने खाली आणतो. कानाच्या पडद्याआडची पोकळी एका बारीक नळीने घशाशी जोडलेली आहे. वर जाताना आतली हवा या नळीतून सहज बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरची हवा आत घ्यावी लागते, आणि ते सहजासहजी होत नाही. लहान मुलांत ही नळी अरुंद व अधिक आडवी असल्यामुळे पडदा आत ओढला जाऊन ठणका लागतो. मोठा माणूस जांभई देतो, आवंढा गिळतो, आणि कान मोकळे होतात. तान्ह्या मुलास हे सांगावे कसे? ते रडते. रडण्यानेही थोडीफार नळी उघडते, म्हणजे ज्यास आपण हट्ट म्हणतो तो बिचाऱ्याचा उपायच असतो.

म्हणून तान्ह्या मुलाविषयी पहिला नियम असा की, दूध अंगावरचे असो वा बाटलीतले, ते उतरण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावे. पुष्कळ आया विमान सुटताच मुलास पोटभर पाजतात, आणि खरी गरज लागते तेव्हा मूल तोंड फिरविते. विमान जमिनीस टेकण्यापूर्वी सुमारे अर्धा तास ते उतरू लागते; तशी सूचनाही बहुधा वैमानिक देतो. त्या वेळी मूल झोपले असेल तर हळूच जागे करावे. झोपेत आवंढा कमी गिळला जातो, आणि मग ते कान दुखूनच जागे होते. मोठ्या मुलास नळीने पाणी थोडे थोडे ओढावयास द्यावे, खोट्या जांभया देण्याची शर्यत लावावी. मुलास सर्दी असेल किंवा कान फुटला असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे.

येथेच एक कडक शब्द सांगणे अवश्य आहे. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या गरीब आया तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत असत. त्यांच्यावर पोटाची सक्ती होती. आज सुखवस्तू घरांतून प्रवासापूर्वी मुलास सर्दीचे गुंगी आणणारे औषध चमचाभर पाजतात, ही त्याच बाळगोळीची सुधारलेली आवृत्ती होय. डॉक्टरांच्या आज्ञेवाचून असे औषध कदापि देऊ नये. त्याने कित्येक मुले झोपण्याऐवजी अधिकच सैरभैर होतात, आणि प्रमाण चुकल्यास धोका आहे तो निराळाच. तसेच वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये. आजीबाईंच्या बटव्यातील ही एक वस्तू डॉक्टरांनी आता निश्चितपणे वर्ज्य ठरविली आहे.

बैलगाडी आणि विमान

आम्ही लहान असता माळेगावच्या यात्रेस बैलगाडीने जात असू. एका गाडीत पाच-सहा पोरे. परंतु मातोश्रींनी आम्हांस कधी गप्प बसा म्हटल्याचे स्मरत नाही. त्याचे कारण आम्ही पुष्कळ दिवस त्यांच्या स्वभावात शोधीत होतो. आता वाटते की, निम्मे कारण गाडीत होते. कंटाळा आला की उतरावे, चाकाबरोबर धावावे, बोरीखाली थांबावे, पुन्हा चढावे. मार्गच खेळ होता. आगगाडीतही मूल या बाकावरून त्या बाकावर जाते, स्थानके मोजते, पेरूवाल्याकडे पाहते. विमानात यांतील काहीच नाही. पट्ट्याने बांधलेले मूल, हातभर जागा, खिडकीबाहेर बराच वेळ एकच देखावा, आणि ज्याच्यापासून दूर जाता येत नाही असा शेजारी. ज्या परिस्थितीत मोठा माणूसही वैतागतो, त्या परिस्थितीत तीन वर्षांच्या मुलाने मुनीसारखे बसावे, ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे. तेव्हा “मूल गप्प कसे बसवावे” असा प्रश्न न घालता, “जी करमणूक पूर्वी मार्ग पुरवीत होता ती आता कोणी पुरवावी” असा प्रश्न घालावा. उत्तर उघड आहे: बरोबरच्या वडील माणसांनी.

याचा उत्तम आदर्श आमच्या जुन्या वाङ्मयात आहे. कालिदासाच्या रघुवंशाचा तेरावा सर्ग ज्यांनी वाचला असेल त्यांस स्मरेल की, लंकेहून पुष्पक विमानाने परत येताना रामचंद्र सीतेस खालचा समुद्र, अरण्ये, आश्रम, नद्या एकेक करून दाखवीत जातात. सबंध सर्ग म्हणजे खिडकीशी बसून केलेले संभाषण होय. सांगणारा आहे, म्हणून देखावा रमवितो. आमच्या नातीस ढगांचा कंटाळा पंधरा मिनिटांत आला, याचे कारण ढग नव्हते. शेजारी बसलेला आजोबा वर्तमानपत्र वाचीत होता हे होते. नांदेडावरून विमान वर चढताना गोदावरीचे पात्र आणि विष्णुपुरीचे धरण दाखवावे. गंगेवर आपण स्नानास जातो ती जागा कोठे असेल ते विचारावे. ढगांत हत्ती शोधावा. मूल पाहते ते आपल्या डोळ्यांनी, पण पाहत राहते ते आपल्या शब्दांनी.

पिशवीतील पंधरा वस्तू

परतीच्या प्रवासास आम्ही सूनबाईंस मागे राहू दिले नाही. “या वेळी मुलांकडे आम्ही पाहू,” असे म्हणालो, आणि आठ दिवस तयारी केली. आमच्या कुटुंबाने जुन्या खणाची एक पिशवी शिवली. तीत लहान लहान पंधरा वस्तू, प्रत्येक निराळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या. नियम एकच: एका वेळी एकच पुडी उघडावयाची, आणि तिच्यातला रस संपल्यावाचून दुसरी काढावयाची नाही. पुडी सोडण्यातच मुलाची चार-पाच मिनिटे आनंदात जातात.

वस्तू कोणत्या निवडाव्या? जी वाजत नाही, घरंगळत नाही, चिकटत नाही आणि हरवली तरी रडू येत नाही, ती वस्तू विमानास योग्य. चेंडू, गोट्या, सागरगोटे घरी ठेवावे. चिंचोके, मणी यांसारख्या बारीक वस्तू तीन-चार वर्षांखालील मुलांच्या हाती मुळीच नकोत. त्या घशात अडकतात. कात्री हातच्या सामानात नेऊ देत नाहीत, तेव्हा कागद घरूनच कापून न्यावे. आमच्या पिशवीत चौकोनी रंगीत कागद होते. त्यांच्या होड्या, टोप्या आणि चोच उघडणारा पक्षी झाला. चिंध्यांची एक बाहुली होती, आणि तिला नेसवावयास तीन चिंध्या. एक लांब दोरा होता; दोन्ही हातांच्या बोटांत गुंतवून त्याचा पाळणा, त्याची जाळी करण्याचा खेळ आमच्या कुटुंबास येतो, हे आम्हांस चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच कळले. रंगखडू दोनच घेतले. अधिक असले की निम्मे आसनाखाली जातात. तान्ह्यासाठी निराळे काही लागत नाही. एक झाकणाची रिकामी डबी, एक मऊ फडके आणि आपला चेहरा पुरे. फडक्याआड लपून पुन्हा दिसावे, याहून मोठा चमत्कार त्या वयास ठाऊक नसतो.

काही खेळांस वस्तूही लागत नाही. चिमणी उडते, कावळा उडतो, म्हैस उडते, हा बोट उचलण्याचा खेळ बसल्या जागी होतो. पाच-सहा वर्षांच्या मुलास कोडी घालावी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांस कागदावर नाव-गाव-फळ-फूल किंवा फुल्ली-गोळा खेळावयास द्यावा. गोष्ट तर सर्वांत श्रेष्ठ. विष्णुशर्म्याने ज्यांस कोणी शिकवू शकत नव्हते अशा राजपुत्रांस सहा महिन्यांत गोष्टींनी शहाणे केले, अशी पंचतंत्राची आख्यायिका आहे; सव्वादोन तास एका मुलीस बसविणे त्या मानाने फार सोपे. मात्र गोष्टीतला वाघ कानाशी डरकाळी फोडणारा असावा.

कुजबुजीची शक्ती

हे शेवटचे आम्ही विनोदाने म्हटले नाही. डॉ. माँटेसरी यांच्या बालमंदिरांत शांततेचा एक खेळ खेळतात. सर्व मुले निश्चल बसतात. मग बाई दुरून अतिशय हळू आवाजात एकेकाचे नाव घेते, आणि ज्याचे नाव ऐकू येईल ते मूल पावलांचा आवाज न करता तिच्याजवळ जाते. माँटेसरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या. परंतु त्यांच्या पूर्वीच ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांजबरोबर भावनगरास बालशिक्षणाचे काम केले होते, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे खेड्यातील व आदिवासी मुलांपर्यंत ते नेले. मूल हाताने काही करीत असले म्हणजे त्यास गप्प राहण्याची आज्ञा द्यावी लागत नाही, असे हे शिक्षण सांगते. आम्ही नोकरीत असता अशा गोष्टी ऐकून मनात हसत असू. छडी आणि मोठा आवाज यांवर आमची श्रद्धा होती. पाच वर्षे लाड करावे, ताडन त्यापुढे, असे जुने नीतिवचन आम्हीच वर्गात शिकविले. पण आमची नात अजून चार वर्षांचीही नाही, हे विमानात आम्हांस आठवले नाही.

परतीच्या प्रवासात आम्ही नातीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, “या विमानात फक्त कानगोष्टी चालतात. मोठ्याने बोलले की खेळ संपतो.” ती तत्काळ कुजबुजू लागली. मूल आपल्या आवाजाची पट्टी आपल्या वडिलांच्या आवाजावर लावते. आपण ओरडून शांतता मागितली तर ते ओरडणे उचलते. आपण कुजबुजलो तर ते कुजबूज उचलते. पस्तीस वर्षे शाळेत काढून ही गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो.

दूरध्वनी, खाऊ आणि पाय

कोणी म्हणेल की, इतका खटाटोप कशास? मुलाच्या हाती मोबाइल दिला की झाले. आम्ही त्याचे कट्टर वैरी नाही. उतरता उतरता मुलाचा धीर सुटला असता दहा मिनिटे चित्रे दाखविल्याने आकाश कोसळत नाही. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक वर्षापर्यंतच्या मुलांस पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. म्हणून हे अखेरचे अस्त्र समजावे, पहिले नव्हे. आणि जे दाखवावयाचे त्याचा आवाज एक तर बंद ठेवावा, नाही तर मुलास सोसेल अशा बेताने हेडफोनमधून द्यावा. हा नियम आजोबांसही लागू आहे. मोबाइलवर उघड्या आवाजात कीर्तन ऐकणारे वृद्ध आम्ही पाहिले आहेत. देवाचे नाव असले म्हणून शेजाऱ्याच्या कानांवर त्याची सक्ती करता येत नाही.

खाऊ कोरडा, मऊ आणि वासरहित असावा. तूपसाखरेच्या पोळीची सुरळी, दशमी, उकडलेले रताळे, केळे, हे उत्तम. लाडू घरी प्रिय, विमानात मात्र त्याचा चुरा तीन आसनांवर पसरतो. लसणाची चटणी व लोणचे आमच्या मराठवाड्याचा जीव की प्राण. पण बंद हवेत त्यांचा दरवळ परक्यास नकोसा होतो. शेंगदाणे आणि कडक गोळ्या चार-पाच वर्षांखालील मुलांस देऊ नयेत.

पुढच्या खुर्चीस लागणारे पाय हा तंट्याचा मुख्य विषय. मूल मुद्दाम लाथ मारीत नाही. त्याचे पाय खाली टेकत नाहीत, सरळ पुढे येतात, आणि हलले की लागतात. जोडे काढावे, आणि शक्य तर लहानग्यास आपल्याच माणसाच्या मागील आसनावर बसवावे. पट्टे सोडण्याची सूचना झाली की त्याचा हात धरून मागपर्यंत एक फेरी मारावी. दोन वर्षांखालील मुलास मांडीवर घेता येते, आणि त्याचा वेगळा पट्टा विमानसेविका आणून देते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलास निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी, असे आपल्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली कंपन्यांस बजावले आहे. तेव्हा जागा वेगळ्या पडल्या असल्यास संकोच न करता, परंतु विमान सुटण्यापूर्वी, विनंती करावी. मळलेले लंगोट आसनावर बदलू नयेत, पुढच्या खिशात कोंबू नयेत. आणि विमानसेविका ही आपली दाई नव्हे, हे विसरू नये.

शेजाऱ्याचाही धर्म

आतापर्यंत पालकांस पुष्कळ सांगितले. आता दुसरी बाजू. १९३२ च्या १५ ऑक्टोबरास जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूस विमान घेऊन आले तेव्हा त्यात टपाल होते, रडणारे मूल नव्हते. विमान त्यानंतर पुष्कळ वर्षे थोरामोठ्यांचे वाहन राहिले. आज ते कुटुंबाचे झाले आहे. हा बदल सर्वांस मानवलेला दिसत नाही. एअर एशिया एक्स या कंपनीने २०१३ साली, आणि आपल्याकडे इंडिगोने २०१६ साली, बारा वर्षांखालील मुलांवाचून काही शांत ओळी राखून ठेवल्या, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. दुसऱ्या टोकास, २०१९ साली सोलहून सॅनफ्रॅन्सिस्कोस जाणाऱ्या एका मातेने आपले चार महिन्यांचे मूल रडल्यास त्रास होईल म्हणून दोनशेहून अधिक सहप्रवाशांस गोळ्या व कानांत घालावयाचे बोळे यांच्या पिशव्या वाटल्या. तिचे सौजन्य वाखाणण्यासारखे खरे; परंतु मूल घेऊन निघालेल्या आईने जगाची आगाऊ क्षमा मागितलीच पाहिजे, असे आम्हांस वाटत नाही. शेजाऱ्यास नमस्कार करावा, “मुले बरोबर आहेत, त्रास झाल्यास सांगा,” एवढे म्हणावे, पुरे. आणि शेजाऱ्यानेही सुस्कारे टाकून आईचा जीव अर्धा करू नये. आमच्या त्या प्रवासात सुस्कारा टाकणारे गृहस्थही होते आणि तेलुगू बाईही होत्या. मुलाचे रडणे दोघांनीही ऐकले. पहिल्याने ते उपद्रव म्हणून ऐकले, दुसरीने दुःख म्हणून. आम्ही त्या दिवशी पहिल्या पक्षात होतो, आणि मूल तर आमचेच होते.

परतीच्या प्रवासात नातू रडला नाही असे आम्ही म्हणणार नाही. उतरताना पाच-सात मिनिटे रडला. या वेळी आम्ही कोणाकडे पाहिले नाही. सूनबाईंच्या खांद्यावरची पिशवी घेतली, नातीस आपल्याकडे ओढले, आणि त्या निश्चिंतपणे बाळास पाजू लागल्या. पंधरांतील सहा पुड्या उघडावयाच्या राहिल्याच होत्या. विमान थांबल्यावर नात आमच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “आजोबा, आता मोठ्याने बोलू?” आम्ही होकार दिला. आणि सूनबाई हसून म्हणाल्या, “बाबा, दिवाळीस पुन्हा सगळे मिळूनच येऊ.”

ती खणाची पिशवी आमच्या घरी खुंटीस टांगलेली आहे. दिवाळी जवळ आली म्हणजे तीत नऊ वस्तू नव्या घालावयाच्या आहेत. वाचकांपैकी कोणास एखादा न वाजणारा, न घरंगळणारा खेळ ठाऊक असल्यास त्यांनी तो अवश्य कळवावा.